आधी हवा मोज, मग रेडिएटर घे

बाबू, तू मोबाइलवर चार रेडिएटर दाखवले आणि विचारलंस, मामा, यातला कोणता घेऊ? फोटो पाहून ते सांगता येत नाही गा. माझा हात बसला तो भंडारा-तुमसर रोडवरच्या रेडिएटरवर. ट्रॅक्टरचे, वाळूच्या टिप्परचे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गहून मँगनीज भरून येणाऱ्या ट्रकचे. तुझ्या कॉम्प्युटरचा रेडिएटर जेमतेम हातभर लांब, पण आतली रचना तीच. दोन टोकांना टाक्या, मधे चपट्या नळ्या, नळ्यांच्या मधे पत्त्यांची जाळी. पाणी नळीला ताप देतं, नळी पत्तीला, पत्ती हवेला. बाहेरदेशी सन २००० च्या आसपास कॉम्प्युटर पाण्याने थंड करायच्या छंदाला लागलेले पोट्टे तर मोटारीच्या हीटरचा कोअरच काढून कॉम्प्युटरला जोडायचे. अमेरिकेतल्या पॉन्टिअ‍ॅक बॉनव्हिल गाडीचा १९७७ सालचा कोअर त्यांच्यात फार नावाजलेला. तेव्हा हे काम आमच्या धंद्याबाहेरचं आहे असं समजू नकोस.

पहिलं हे ध्यानात घे की रेडिएटर थंडावा तयार करत नाही. समोरून येणाऱ्या हवेपेक्षा पाणी कधीच थंड होत नाही, थोडं गरमच राहतं. ते ‘थोडं’ म्हणजे पाच अंश की वीस अंश, एवढंच रेडिएटरच्या हातात असतं. बाकी सगळं हवेच्या हातात. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली परम ब्रह्म नावाचा महासंगणक बसवला, त्यात चिपला भिडवलेल्या पट्ट्यांतून पाणी फिरतं. तिथेही पाण्याचं काम हमालाचं. ताप उचलायचा आणि दुसरीकडे नेऊन टाकायचा. टाकायची जागाच तापलेली असेल तर हमाल काय करणार?

आणि आपली जागा कोणती? मोहाडी. रेडिएटरची जी तुलना तू इंग्रजीत वाचतोस, ती करणारा माणूस २१-२२ अंशांच्या खोलीत बसलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, २५ मेच्या सुमारास नवतपा लागला की भिंतीही रात्रभर ताप सोडतात. त्यात तुझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. लग्नं एप्रिल-मेमध्येच. म्हणजे ज्या आठवड्यात तुझं मशीन रात्रंदिवस रेंडर करणार, नेमक्या त्याच आठवड्यात हवा सगळ्यांत वाईट. म्हणून रेडिएटर घेण्याआधी एक साधा थर्मामीटर घे. कॅबिनेट जिथे ठेवायचं ठरलंय तिथेच, पंखा हवा ओढणार त्या बाजूला लाव आणि दुपारी तीन ते पाच काय दाखवतो ते बघ. स्लॅबच्या खोलीत एक आकडा येईल, कवेलूच्या खोलीत दुसरा. तो आकडा हाती येईपर्यंत कुठल्याही कंपनीचं नाव माझ्यासमोर घेऊ नकोस.

आता वॉट. रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर कागदावर १७० वॉटचा, पण पूर्ण जोरात २३० वॉटपर्यंत ओढतो. आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्डाचे ३२०. दोन्ही एकदम राबले तर ५५० वॉट. घरच्या हीटरची कांडी अर्ध्या जोरावर सतत चालू ठेवल्यासारखाच हिशोब. या छंदातले लोक एक ढोबळ अंदाज धरतात. पंखा सावकाश फिरत असेल आणि पाणी हवेपेक्षा दहा अंश गरम राहिलेलं चालत असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याच्या जागेमागे साधारण १०० वॉट. फरक दुप्पट होऊ दिला तर ताप दुप्पट निघतो. हे मोजमाप नाही, अंदाज आहे, पण खरेदीला पुरतो.

तो लावून बघ. तीन पंख्यांचा, म्हणजे ३६० चा एकच रेडिएटर घेतलास तर ५५० वॉटला पाणी हवेपेक्षा १८ अंशांनी वर राहील. लंडनच्या २१ अंशांच्या खोलीत ३९. उत्तम. मोहाडीच्या ४० अंशांच्या खोलीत ५८. आणि तू घेतो आहेस त्या डी-५ जातीच्या पंपाची मर्यादा ६० अंश. पीईटीजीच्या चकचकीत कडक नळ्या त्याच सुमारास मऊ पडायला लागतात, सांध्यातून सरकतात. एकाच रेडिएटरने तिकडे शाबासकी मिळते आणि इकडे टेबलावर पाणी. सहा पंख्यांची जागा केलीस तर फरक नऊवर येतो आणि पाणी ४९ वर. म्हणून आपल्याकडच्या माणसाने परदेशी शिफारशीच्या दुप्पट जागा धरायची.

प्रोसेसरचा काटा ९० दाखवतोय म्हणून उगाच रेडिएटर बदलायला धावू नकोस. तो रायझन ९५ पर्यंत चालावा असाच बनवलाय. चिप आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर चिपवर बसणाऱ्या, आतून पाणी फिरणाऱ्या ठोकळ्यावर आणि मधल्या पेस्टवर ठरतं, तिथे रेडिएटरचं काही चालत नाही. पाण्यातच बसणारा तापमानाचा सेन्सर स्वस्तात मिळतो, तो लाव. ट्रकवाला इंजिनाच्या आतला स्फोट मोजत नाही, पाण्याचा काटा बघतो. पंख्यांचा वेगही त्या सेन्सरला जोड, प्रोसेसरला नको. नाहीतर प्रत्येक क्लिकला पंखे ओरडतील.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तुला आवडणार नाही. मशीन २०० वॉटच्या आतबाहेरचं असेल तर हा खटाटोप करू नकोस. चांगला हवेचा कूलर बसव, त्यातून पाणी गळत नाही. पाणी घालायचं ते जास्त वॉट असतील, कार्डही ठोकळ्याखाली घ्यायचं असेल किंवा रात्री बाजूला पोरं झोपलेली असतात म्हणून आवाज नको असेल तर. नुसत्या रंगीत दिव्यांसाठी करायचं असेल तर दिवेच घे.

तुझं मशीन ५५० वॉटचं आहे, म्हणून पुढे बोलतो. पण पहिला पैसा रेडिएटरवर टाकू नकोस, खोलीच्या कूलरवर टाक. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, तेव्हा ओल्या ताट्यांतून आलेली ४२ ची हवा ३० च्या आसपास येते. दहा-बारा अंश! एवढा फरक कुठलाही महागडा रेडिएटर पाडू शकत नाही. पावसाळ्यात कूलर काही कामाचा नसतो, पण तेव्हा हवाही तेवढी तापलेली नसते. दोन पथ्यं पाळ. कूलरच्या झोताच्या सरळ तोंडी मशीन ठेवू नकोस. बारीक तुषार आले तर आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातले क्षार पत्त्यांवर पांढरे बसतात. आणि समोरची खिडकी उघडी ठेव. कूलरची ओली हवा आणि तुझे ५५० वॉट, दोन्हींना बाहेर जायला वाट लागते.

मला माहीत आहे, पुढचा विचार तुझ्या डोक्यात येणारच. कूलरच्या टाकीतलं पाणी तर खोलीच्या हवेपेक्षाही थंड असतं, तेच प्रोसेसरवरून का फिरवू नये? मौद्याच्या एनटीपीसीसारख्या वीज केंद्रांतले कूलिंग टॉवर याच तत्त्वावर चालतात. थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं. तत्त्व बरोबर आहे. पण वाफ झालेलं पाणी क्षार मागे ठेवतं, उरलेलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं, त्यात शेवाळ, कचरा, ताटीचं गवत. प्रोसेसरच्या ठोकळ्यातल्या चिरा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, त्या किती दिवस टिकतील? ट्रॅक्टरमध्ये विहिरीचं पाणी भरणाऱ्यांच्या नळ्यांत मी सळया घातल्या आहेत. तुझ्या ठोकळ्यात सळई जाणार नाही. हे दोन पाणी एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

आता आकार. १२० आणि १४० अशा दोन मापांच्या पंख्यांवर बहुतेक रेडिएटर बेतलेले असतात. २४० म्हणजे १२० चे दोन, २८० म्हणजे १४० चे दोन, ३६० म्हणजे १२० चे तीन, ४२० म्हणजे १४० चे तीन. नावावर जाऊ नकोस, तोंडाचं क्षेत्रफळ काढ. २८० चं होतं ३९२ चौरस सेंटिमीटर, ३६० चं ४३२. म्हणजे दोन पंख्यांचा २८० हा तीन पंख्यांच्या ३६० च्या नव्वद टक्के. आणि ४२० चं ५८८. कॅबिनेटमध्ये १४० चे पंखे बसत असतील तर मी आधी तिकडेच बघेन. मोठा पंखा तेवढीच हवा सावकाश ढकलतो.

जाडीचा मोह मात्र टाळ. पातळ रेडिएटर २७ ते ३० मिलिमीटर, मधले ४५, जाड ६० च्या पुढे. आमच्याकडेही लोक यायचे, गाडी तापते, दोन रांगांचा कोअर काढून चार रांगांचा टाका म्हणून. चार रांगांचा टाकला तरी मागच्या रांगांना हवा मिळते ती पुढच्यांनी आधीच तापवलेली. पंखा जोरकस नसेल तर मागच्या रांगा नावापुरत्या. तुझे पंखे तर शांत फिरणारे. साठ मिलिमीटर जाडीचा एक घेण्यापेक्षा तीस मिलिमीटरचे दोन घे, जागा असेल तिथे नेहमी तोंड वाढव. जाड रेडिएटरला दोन्ही बाजूंनी पंखे लावतात, एक ढकलणारा, एक ओढणारा. त्याने थोडा फरक पडतो, खर्च मात्र दुप्पट.

यापुढचं मोहाडीत सगळ्यांत महत्त्वाचं, आणि तुलना करणारे यावर बोलत नाहीत. इंचाला पत्त्या किती? काही रेडिएटरमध्ये आठ ते बारा, काहींत सोळा, काहींत तीसपर्यंत. दाट जाळीचा रेडिएटर नवा असताना, जोरात फिरणाऱ्या पंख्यासमोर, स्वच्छ खोलीत जिंकतो. या तीन अटींतली आपल्याकडे एकही टिकत नाही. धान निघालं की हवेत तूस आणि कोंडा. राइस मिल जवळ असेल तर वर्षभर. वैनगंगेच्या वाळूचे ट्रक रस्त्यावरून जातात ती धूळ. मोहाडी-आंधळगावच्या ज्या घरांत कोशाचा माग चालतो तिथे धाग्याची लव असतेच. ही लव फार वाईट. ती पत्त्यांच्या तोंडावर जाळ्यासारखी बसते आणि मग मागून येणारी धूळ त्यात अडकते. धान कापायला येणाऱ्या हार्वेस्टरच्या रेडिएटरपुढे फिरती चाळणी असते ती याचसाठी. दाट पत्त्यांत अडकलेला कचरा बाहेरून दिसतही नाही, आणि काढायला गेलास तर पत्त्या वाकतात.

म्हणून इंचाला दहा-अकराच्या आसपास पत्त्या असलेला घे. विरळ जाळीतून हजाराच्या खालच्या फेऱ्यांवरचा पंखाही हवा आरपार नेतो. पुढे नायलॉनची बारीक जाळी लाव, चुंबकाने चिकटणारी मिळते, काढून नळाखाली धुता येईल अशी. त्या जाळीचा अडथळा वेगळा पडतो, तोही विरळ पत्त्या घेण्याचं कारण. सफाई करताना हवा जिकडून आत शिरते त्याच्या उलट बाजूने ब्लोअर मार. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, नाहीतर झोताने गरगर फिरून बेअरिंग जातं. सुगीत ही सफाई वरचेवर कर, पावसाळ्यात विसरलास तरी चालेल.

धातूबाबत मी हट्टी आहे. तुझा ठोकळा तांब्याचा किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचा, तर रेडिएटरही तांबं-पितळेचाच. अ‍ॅल्युमिनियम नको. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम आले की अ‍ॅल्युमिनियम आपला जीव देतं, आतून पोखरतं, आणि तो भुगा ठोकळ्यात जाऊन बसतो. आता तू म्हणशील, नव्या ट्रॅक्टरना तर अ‍ॅल्युमिनियमचे कोअर आणि प्लास्टिकच्या टाक्या येतात. येतात. पण त्यांच्या कूलंटमध्ये गंज रोखणारं औषध असतं आणि ते वेळेवर बदलायचं असतं. कंपनीने बंद करून दिलेल्या तयार कूलरमध्येही बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच असतं, आतलं पाणी कंपनीने जुळवलेलं असतं. तो जसा आहे तसा वापर, कापून तुझ्या साखळीत जोडू नकोस. ऑनलाइन जे फार स्वस्त रेडिएटर दिसतात ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे. ओळखायचं कसं? चुंबक उपयोगाचा नाही, दोन्हींना चिकटत नाही. वजन बघ, तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड. आणि तोटीच्या आट्यावर सुईने हलकेच खरवड. पिवळं दिसलं तर पितळ, पांढरं दिसलं तर परत पाठव. भंडाऱ्याच्या माणसाला पितळ ओळखायला शिकवावं लागू नये म्हणा.

कंपनीबद्दल विचारशील तर माझं फार म्हणणं नाही. ब्लॅक आइस नावाचे रेडिएटर बनवणारी हार्डवेअर लॅब्ज ही फिलिपिन्सची, म्हणजे आपल्यासारख्याच गरम मुलखातली. जर्मनीच्या अल्फाकूलचे पातळ तांब्याचे रेडिएटरही चांगले. नागपूरला सीताबर्डीवर किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर प्रत्यक्ष हातात घेता आलं तर घे, नाहीतर मागव. सगळ्यांच्या तोट्या जी-१/४ आट्याच्या, तेव्हा जोडणी अडत नाही. पाण्याचा वेग, आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर पोट्टे रात्ररात्र भांडतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ५५० वॉटने सगळ्या फेरीत ते दोन अंशांनीही तापत नाही. क्रम कोणताही लाव, नळी जवळची पडेल तसा.

बसवण्याआधी माप घे, आणि नावातलं माप खरं मानू नकोस. ३६० चा रेडिएटर टाक्या धरून ३९०-४०० मिलिमीटर होतो. पातळ ३० चा आणि पंख्याचे २५, मिळून ५५ मिलिमीटर खोली लागते, वरच्या बाजूला बसवलास तर रॅमला अडतो. थर्माकोलचा तेवढाच ठोकळा काप आणि कॅबिनेटमध्ये ठेवून बघ, नळीला वळायला जागा उरते का तेही.

दोन रेडिएटर लावशील तेव्हा दोघांनाही बाहेरची ताजी हवा ओढू दे, आणि गरम हवेसाठी मागे एक पंखा मोकळा सोड. पुढचा हवा आत घेतो आणि वरचा तीच बाहेर टाकतो, अशी रचना सर्रास असते. पण एका पंख्यातून मिनिटाला तीस घनफूट हवा गेली तर ती अंशाला साधारण १६ वॉटच उचलते. पुढच्या तीन पंख्यांनी ३०० वॉट काढले की हवा सहा अंशांनी तापूनच वरच्या रेडिएटरला भेटते. इंग्लंडमध्ये सहा अंश सोडून देता येतात, आपल्याला नाही.

कॅबिनेटमध्ये जागाच नसेल तर बाहेर टांगायचा रेडिएटर मिळतो. जर्मनीच्या वॉटरकूल कंपनीचा मो-रा, नऊ पंख्यांचा. ट्रकचाच म्हण ना! मला तो मनापासून आवडतो. एकच तोंड, भरपूर जागा, सफाई सोपी. पण एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा तो ओसरीत नेऊन लावशील तर चुकेल. एसीच्या आत कॉम्प्रेसर असतो, तो ४५ च्या हवेतही ताप ढकलतो. याच्यात तसं काही नाही. बाहेर ४५ आणि कूलरमुळे आत ३०, तर हा आतच हवा, बाहेर हवा सोडणाऱ्या खिडकीपाशी, तोंड खोलीकडे आणि पाठ खिडकीकडे.

पंखे आवळताना स्क्रूची लांबी बघ. स्क्रूच्या भोकाखाली जाड पट्टी नसलेल्या रेडिएटरमध्ये स्क्रूच्या सरळ समोर नळी असते, दोन मिलिमीटर जास्त गेला की नळीला भोक. रेडिएटरसोबत आलेलेच स्क्रू वापर, आणि हाताला जड लागलं की थांब.

नवा रेडिएटर आतून स्वच्छ असतो या भ्रमात राहू नकोस. डाख लावताना वापरलेला फ्लक्स आणि धातूचे कण आत उरतात. कोमट डिस्टिल्ड पाणी भर, तोट्या बंद कर, दोन्ही हातांनी खळखळ हलव, पांढऱ्या भांड्यात ओत. स्वच्छ पाणी पडेपर्यंत करत राहा. शेवटचं पाणीही डिस्टिल्डच, नळाचं नको. उकळलेलं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नाही, आणि आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, फक्त कॅनवरचं नाव नीट वाच, शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. त्यात शेवाळ न धरण्याचं औषध किंवा तयार कूलंट टाक. दुधासारखे रंगीत कूलंट नको, त्यातला रंग कालांतराने खाली बसतो. नळ्या कडक चकचकीत घेण्यापेक्षा काळ्या ईपीडीएम रबराच्या घे. दिसायला होस पाइपच, पण साठ अंशांना त्यांना काही होत नाही.

आमच्या दुकानात डाख लावलेला कोअर हवा भरून हौदात बुडवायचा, बुडबुडा आला की तिथे खडूची खूण. तुला हौद नको. सगळं जोडून झालं की मदरबोर्डाला वीज न देता फक्त पंप चालव, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेव आणि एक रात्र जाऊ दे. मधेमधे कॅबिनेट तिरपं कर म्हणजे रेडिएटरच्या वरच्या टाकीत अडकलेली हवा सुटून रिझर्व्हायरमध्ये येईल. ती खळखळ थांबेपर्यंत रेडिएटर अर्धाच काम करत असतो. आणि सगळ्यांत खालच्या जागी निचऱ्याचा एक छोटा व्हॉल्व्ह आत्ताच बसव, वर्षाने पाणी बदलताना मशीन आडवं करावं लागणार नाही.